उत्तरेकडच्या जावयाचं दूध

लोकांना फुंकायला लावणं हा माझा धंदा. गेली वीस वर्षं मी मँचेस्टरच्या एका हॉस्पिटलात फुप्फुसांच्या तपासण्या, म्हणजे स्पायरोमेट्री, करते. माणसाला खुर्चीत बसवायचं, नाकाला चिमटा लावायचा, तोंडात नळी द्यायची आणि म्हणायचं, मोठा श्वास घ्या, आता फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, थांबू नका. दिवसातून पंधरा-वीस वेळा मी हे ओरडते. माझा आवाज घरी आल्यावरही खाली येत नाही असं मुलीचं म्हणणं आहे. "आई, तू डिनरलापण 'अजून, अजून' करते," ती म्हणते, आणि मी तिचं मराठी दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नाही. भाकरी दुरुस्त करता येते, इथे वाढलेल्या पोरांचं मराठी नाही.

सांगायचा मुद्दा हा, की वाऱ्याशी माझा संबंध मोजण्यापुरता. वारा हा देवही असतो हे मला शेजारच्या घरातून कळलं, आणि तेही भांडायला गेले तेव्हा.

आमचं घर मँचेस्टरच्या उत्तरेला, ट्राम संपते त्याच्याही पुढे, टेकडीच्या पायथ्याशी आहे. एकाला एक चिकटलेल्या दगडी घरांची रांग, त्यात शेवटून दुसरं घर आमचं. शेवटचं एका म्हाताऱ्या कारागिराचं. त्यांनी आयुष्यभर लोकांच्या घरांवर स्लेटची कौलं चढवली होती. आम्ही घरात त्यांना कौलवालेच म्हणायचो, अजूनही म्हणतो. एकटे राहायचे. बोलणं कमी, चहा काळाकुट्ट, आणि कुणालाही 'लव्ह' म्हणायची इथली सवय.

भांडण जवावरून झालं. घरांच्या मागे एक अरुंद बोळ आहे. कौलवाले रोज सकाळी आपल्या मागच्या दाराशी मूठभर जव टाकायचे, आणि त्या जवावर पोसलेले उंदीर रात्री आमच्याकडे मुक्कामाला यायचे. तीन उंदीर झाल्यावर मी तणतणत गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दाराजवळच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे एक जुनी स्लेट टेकवून ठेवली होती. तिच्यावर खिळ्याने कोरलेला एक माणूस होता. दाढी वाऱ्यावर उडालेली, पाठीला पंख, तोंडाशी शंख.

"जव त्याचे आहेत," ते म्हणाले. "उत्तरेचा वारा. बोरिअस. ग्रीकांचा."

मी त्या चित्राकडे बघतच राहिले. सात समुद्र ओलांडून आलो, आणि शेजार मिळाला तो देवघरवाल्याचा.

"तुला तर कळेलच," ते पुढे म्हणाले. "तुम्हा हिंदूंत असतो ना वाऱ्याचा देव?"

इथे माझं डोकं फिरलं. या देशात अर्ध्या लोकांनी मला हिंदू ठरवलंय आणि उरलेल्या अर्ध्यांनी डॉक्टर. मी दोन्ही नाही. जानेवारीच्या थंडीत, त्या बोळात उभी राहून मी त्यांना वीस मिनिटं समजावलं. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी पांढरे कपडे घालून, लाखो माणसांबरोबर एका मैदानात उभं राहून बावीस प्रतिज्ञा घेतल्या, घरी आले, कोनाड्यातले देव गोणपाटात बांधले आणि नदीत सोडून दिले. ज्यांच्या देवळाच्या पायरीवर आम्हाला उभं करत नव्हते, ते देव घरात तरी कशाला सांभाळायचे? मी सात वर्षांची असल्यापासून दर वर्षी त्या प्रतिज्ञा मोठ्याने म्हणते. आमच्या भिंतीवर निळ्या कोटातला फोटो आहे, आणि मी कुठल्याही देवाला हात जोडत नाही, ग्रीकांच्याही नाही.

सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "म्हणजे तुझ्या आजोबांनी देवांना कामावरून काढलं."

"हो."

"बरोबर केलं. काम करत नसतील तर काढायलाच हवेत." मग ते म्हणाले, "मी एकाला ठेवून घेतला. त्याने काम केलं होतं."

दुसऱ्या दिवसापासून जव झाकणाच्या डब्यात गेले. उंदीर गेले, आणि आमचं जमलं.

त्या देवाने काय काम केलं होतं ते मला पुढे कधीतरी चहाबरोबर कळलं. कौलवाले तेव्हा पस्तिशीचे होते. डोंगरावरच्या एका चर्चच्या छपरावर, उत्तरेकडच्या उतारावर काम चाललं होतं. स्लेट ओली होती, पाय निसटला आणि ते खाली घसरू लागले. तेवढ्यात उत्तरेकडून असा वारा आला की त्याने त्यांना छपराला दाबून धरलं, भिंतीला पोस्टर चिकटवावं तसं. खालचा सोबती शिडी चढून दोर टाकेपर्यंत वाऱ्याने हात काढला नाही. दोर कमरेला बसला आणि वारा पडला.

"योगायोग," मी म्हणाले.

"असेल," ते म्हणाले. "पण आभार मानायला काय जातं?"

आभार मानायचे तर नाव पाहिजे. ते लायब्ररीत गेले आणि तिथल्या बाईंना विचारलं, उत्तरेच्या वाऱ्याला काही नाव असतं का. बाईंनी त्यांच्या हातात एक जाड पुस्तक दिलं. त्यात त्यांना बोरिअस सापडला. त्या पुस्तकातली एक गोष्ट ते फार रंगून सांगायचे. या बोरिअसने अथेन्सच्या राजाची मुलगी नदीकाठावरून उचलून नेली आणि तिच्याशी संसार केला. पुढे शत्रूचं मोठं आरमार चालून आलं तेव्हा अथेन्सच्या लोकांना कौल मिळाला, तुमच्या जावयाला हाक मारा. जावई म्हणजे हा. त्यांनी हाक मारली, वादळ झालं, जहाजं खडकांवर फुटली, आणि लोकांनी त्याच नदीकाठी जावयाला देऊळ बांधलं.

मला हसू आवरेना. "आमच्याकडेही जावयाचं असंच आहे," मी म्हणाले. "पोरगी नेतो, वर त्याचाच मानपान करायचा."

हे त्यांना इतकं आवडलं की तेव्हापासून आमच्या बोलण्यात तो देव जावईच झाला. सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर काढताना ते आकाशाकडे बघून म्हणायचे, आज जावई काही येत नाही, नैऋत्येचा आहे. इकडे वारा बहुतेक नैऋत्येकडूनच येतो, ओला आणि कटकट्या. अस्सल उत्तरेचा कमी.

असे देव मानणारी माणसं आजही आहेत, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. शहरात एका पबच्या माडीवर काही जण जमायचे, शिक्षक, नर्स, कॉम्प्युटरवाले. जुन्या ग्रीक देवांना धूप दाखवायचे, पाणी शिंपडून हात धुवायचे. कौलवाले एकदा गेले होते. तिथे मंत्राचा उच्चार कसा करायचा यावरून दोन तास वाद झाला म्हणून परत गेले नाहीत. "छपरावर कुणी उच्चार विचारत नाही," ते म्हणाले. मी मनात म्हटलं, उच्चारावरून माणसं बाहेर ठेवणं आम्हाला काही नवीन नाही.

त्यांची स्वतःची रीत साधी होती. हिवाळ्यातला पहिला खरा उत्तर वारा सुटला की त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत, मागच्या टेकडीवर जायचं. हात धुऊन निघायचं. फ्लास्कमध्ये कोमट दूध, त्यात मध. वाईन नाही, कारण दारू त्यांनी कधीचीच सोडली होती. माथ्यावर उत्तरेकडे तोंड करून उभं राहायचं. त्याच्याकडे पाठ करायची नाही. हे कुणाकडून आलं ते सांगायचं आणि सगळं ओतायचं. एक घोटही स्वतः घ्यायचा नाही.

दर वर्षी मी त्यांना टेकडीवरून उतरताना बघायचे. जाकिटावर, बाहीवर, कधी दाढीवर पांढरे ओघळ. मला वाटायचं, हात कापायला लागलेत, म्हाताऱ्याला धड ओतताही येत नाही. एकदा तर मी म्हणाले, हाताचं डॉक्टरांना दाखवा. त्यांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या आणि विषय बदलला.

हात ठणठणीत होते. गेली ती फुप्फुसं. स्लेट कापताना उडणारी धूळ त्यांनी पन्नास वर्षं ओढली होती. तपासणीला ते आमच्याच विभागात आले, आणि शेजारीण म्हणून दुसरीकडे पाठवते म्हटलं तर ऐकेनात. नाकाला चिमटा लावून त्यांनी फुंकलं. मी "अजून, अजून" म्हणत राहिले आणि पडद्यावरची रेघ वर चढायच्या आधीच वाकली. त्यांनी नळी काढली आणि विचारलं, "जावयाला काय म्हणशील, माझ्या जागी त्याला बसवलं तर?" मी म्हणाले, "मशीन फुटेल." आम्ही दोघं हसलो. आकडे मात्र मी वाचले होते.

वर्षभरात घरी ऑक्सिजनचं यंत्र आलं. त्याची लांब नळी मागच्या दारापर्यंत पोचायची, त्यापुढे नाही. त्यांचं जग त्या नळीएवढं झालं.

मागच्या नोव्हेंबरात एका शनिवारी सकाळी उत्तर वारा सुटला. मी सूप घेऊन गेले तर कौलवाले खुर्चीत बसून बूट चढवत होते. एक चढला होता, दुसऱ्याशी झटापट चालली होती, आणि त्यातच धाप लागली होती.

"कुठे?" मी विचारलं, जसं काही मला माहीतच नव्हतं.

त्यांनी बूट खाली ठेवला. मग मान वर न करता म्हणाले, "तू जाशील का, लव्ह? तू काही मानायला नको. फक्त नेऊन ओतायचं. चाळीस वर्षांत चुकलं नाही. या वर्षी चुकलं तर…" पुढचं त्यांच्या श्वासात राहिलं.

माणूस मरायला घाबरत नव्हता. आभार न मानता जायला घाबरत होता. हे त्यांच्या चेहऱ्यावर इतकं स्पष्ट दिसत होतं की मी नाही म्हणू शकले नाही. हो पण म्हणाले नाही. "द्या तो फ्लास्क," एवढंच म्हणाले.

नवा गडद निळा कोट घालून मी निघाले. शेताचं लाकडी फाटक ओलांडलं, अर्धी चढण चढले, आणि तिथे माझे पाय थांबले. हातात देवाचं दूध घेऊन मी टेकडी चढत होते. मी. बावीस प्रतिज्ञांतली कुठली कितवी हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगणारी. आजोबांनी गोणपाटाला मारलेली गाठ मी बघितलेली नाही, पण त्या गाठीवर आमचं सगळं घर उभं आहे. बाबांची पोस्टातली नोकरी, माझं शिक्षण, हा देश, हा कोट. ते गेले नसते नदीवर तर मी इथे नसते. आणि मी काय करायला निघाले होते? नदी सोडून डोंगरावर, पण नैवेद्यच ना?

भिंतीच्या आडोशाला एका दगडावर बसले. वारा कानात घुसत होता. परत जाऊन नाही जमलं म्हणावं, तर तो अर्धा चढवलेला बूट डोळ्यांसमोर आला. दूध इथेच ओतून द्यावं म्हटलं, तर आमच्याकडे अन्न टाकत नाहीत. भूक पाहिलेल्या घरांत दूध मातीत ओतायला हात धजत नाही. तर मी काय करावं? मी ते प्यायले. फ्लास्कच्या झाकणात ओतून, तीन झाकणं, सगळं. ऊन ऊन होतं, मध सढळ हाताने घातला होता. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

मग वेळ काढायला आणखी थोडा वेळ बसले आणि खाली आले.

कौलवाले खिडकीशी वाट बघत होते. "झालं," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. हात पुढे करून माझ्या कोटाची बाही धरली, कोपरापासून मनगटापर्यंत हात फिरवला, कापडवाला कापड बघतो तसा. मग बाही सोडली.

"थंडी होती ना फार," ते म्हणाले. "एवढ्या वाऱ्यात गेलीस. थँक यू, लव्ह."

मी सुपाचं भांडं उचलून घरी आले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आमचं विहार म्हणजे भाड्याचा कम्युनिटी हॉल. आधी कुणाचा तरी योगा, मग आमची वंदना. पंचशील म्हणताना चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, आणि मला खोकला सुटला. पाचव्यापर्यंत खोकत होते. शेजारच्या ताई म्हणाल्या, "अहो, स्वतःचीच स्पायरोमेट्री करून घ्या की." सगळे हसले. मी पाणी प्यायले. एक प्रतिज्ञा वाचवायला मी एक शील मोडलं होतं, आणि ते मोडून प्रतिज्ञा तरी वाचली का हेही कळत नव्हतं.

दोन-अडीच महिने हे मी पोटात ठेवलं. कौलवाल्यांकडे रोज जायचे आणि त्यांच्या नजरेला नजर देत नव्हते. त्यांनी अंथरूण धरलं होतं. पलंग खालच्या खोलीत, खिडकीशी आणला होता. वसंत बघतील की नाही हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

शेवटी मी बाबांना सांगितलं. बाबा नागपूरला असतात, शहाऐंशी वर्षांचे, निवृत्त पोस्टमन. दर रविवारी फोन असतो. मी सगळं सांगितलं, जावई, दूध, दगडावर बसणं.

"तू ते पिलं?" बाबांनी विचारलं.

"हो."

"गोड होतं काय?"

"हो."

बाबा खूप हसले. ठसका लागेपर्यंत हसले. मग म्हणाले, "त्या वाऱ्याजवळ तू सोतासाठी काही मागणार होती काय? पोरीचं लग्न, प्रमोशन?"

"छे."

"मग तुझा काय संबंध? बाई, मी छत्तीस वर्षं डाक वाटली. मोठमोठ्या देवस्थानांहून प्रसादाची पाकिटं येत, कुंकू सांडलेली. माझ्या पिशवीतून जात. तुझ्या आजोबाच्या पोराच्या पिशवीतून. मी ती नाल्यात फेकली काय? ज्याचं नाव, त्याच्या हाती दिली. पूजा त्यांची, पायपीट माझी."

"पण बाबा, प्रतिज्ञा…"

"प्रतिज्ञेत हात जोडू नको असं आहे. पाय चालवू नको असं नाही." मग त्यांचा आवाज बदलला. "ते खोटं बोलली ते मात्र वाईट. पत्र गिळून टाकलं आणि वहीत 'दिलं' लिहिलं. आमच्या हापिसात एक होता असा. त्याच्यासोबत कोणी चहा पीत नसे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"रजिस्टर पत्र असलं," बाबा म्हणाले, "तर पोचपावतीवर सही घेतल्याबिगर मी घरी जेवायला बसलो नाही. तुझ्या आईला विचार म्हटलं असतं, पण ती नाही आता."

"वाऱ्याची सही कुठून आणू?"

"ते तू पाहा. पण जा."

दुसऱ्याच दिवशी मी कौलवाल्यांना म्हणाले, "पुन्हा उत्तर वारा आला तर मला परत जायचंय."

ते उशीवर डोकं टेकून पडले होते. "पहिल्याचंच असतं," ते म्हणाले. "पहिलं होऊन गेलं."

मला वाटलं, आत्ता सांगावं. पण मी त्यांचं पांघरूण सारखं करत बसले. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. "पण जायचंच असेल तर," ते हळूच म्हणाले, "मध कपाटात आहे."

त्यानंतर मी वाऱ्याची वाट बघायला लागले. सकाळी उठल्याबरोबर फोनवर हवामान. नैऋत्य, पश्चिम, नैऋत्य. फेब्रुवारी सगळा नैऋत्येत गेला. मुलगी म्हणाली, "आई, तो विंड काय तुझी बॉयफ्रेंड आहे का?" मी तिला रागावले नाही. शेजारी श्वास कमी होत होता, आणि जावई सासुरवाडीची वाट विसरला होता. मी वाऱ्याला कधी काही मागितलं नव्हतं, पण त्या दिवसांत खिडकीशी उभी राहून मनात म्हणायचे, ये की बाबा आता. हे प्रतिज्ञेत बसतं की नाही ते मी बाबांना विचारलेलं नाही.

मार्चमध्ये एका बुधवारी सकाळी फोनवरचा बाण वळला. अस्सल उत्तर. मी ट्राममध्येच बाबांना मेसेज टाकला, आज डाक द्यायला जाते. दुपारच्या तपासण्या सहकारी मुलीने घेतल्या. मॅनेजरला मी फॅमिली मॅटर म्हणून सांगितलं. हे दुसरं खोटं झालं की काय, असा विचार जिना उतरताना आला. पुढच्या पायरीवर वाटलं, नाही, हे खरंच आहे.

कौलवाल्यांच्या स्वयंपाकघरात दूध कोमट केलं. ते पलंगावरून सांगत होते, दोन चमचे, उकळू नकोस, हात धू. "हात मी दिवसातून चाळीस वेळा धुते," मी म्हणाले, आणि धुतले. तोच निळा कोट घातला. फाटक, चढण, तो दगड. दगडाशी थांबले नाही.

माथ्यावर उभं राहवत नव्हतं. गवत आडवं झालं होतं. मेंढ्या वाऱ्याकडे पाठ करून चरत होत्या, त्यांना कुठली रीत. मी उत्तरेकडे तोंड केलं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते वाऱ्याने. दोन्ही हातांत फ्लास्क होता, त्यामुळे हात जोडायचा प्रश्नच नव्हता. मी मराठीत आणि आमच्या विभागातल्या आवाजात ओरडले, "हे माझं नाही. खाली शेवटच्या घरात कौलवाले आहेत, त्यांनी पाठवलंय. छपरावर धरून ठेवलं होतं त्याबद्दल. मी नुसती पोचवायला आले आहे."

आणि ओतलं.

एक थेंब जमिनीवर पडला असेल तर शपथ. दुधाची धार हवेत आडवी झाली, फाटली आणि सगळीच्या सगळी माझ्या अंगावर आली. छातीवर, बाहीवर, हनुवटीवर, चष्म्यावर. मी हलले नाही, पाठ करायची नव्हती. फ्लास्क रिकामा होईपर्यंत मी ओतत राहिले आणि जावई ते माझ्यावर उडवत राहिला.

चष्मा पुसताना माझा हात थांबला.

वाऱ्याकडे तोंड करून ओतलं की दूध अंगावर येतं. दर वेळी येतं. चाळीस वर्षं त्यांच्या जाकिटावर ते ओघळ होते, त्यात हात कापण्याचा काही संबंधच नव्हता. आणि नोव्हेंबरात मी त्यांच्यासमोर उभी राहिले ती कोऱ्या कोटात. बाहीवर त्यांनी हात फिरवला तो थंडी बघायला नाही. चार महिने त्यांना माहीत होतं. चार महिने ते मला थँक यू म्हणून गप्प राहिले, आणि स्वतःचं चुकलेलं घेऊन तसेच पडून राहिले, मला लाज वाटू नये म्हणून.

मी तिथे रडले. आता ते वाऱ्याने नव्हतं.

खाली आले ती तशीच, दारातून सरळ पलंगापाशी. कोटातून मधाचा वास येत होता. "मागच्या वेळी मी ते प्यायले," मी म्हणाले.

"मला वाटलंच होतं तसं," ते म्हणाले. एकेका शब्दानंतर श्वास घेत होते. "कुठे ओतून दिलं असतंस तर झाकण कोरडं असतं. झाकण चिकट होतं."

"बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? उपाशी पोटी एवढ्या वाऱ्यात पाठवलं होतं मी तुला."

मग त्यांनी हात पुढे केला. मी बाही पुढे केली. ओल्या कापडावर त्यांनी अंगठा टेकवला, चांगला दाबून टेकवला, आणि तसाच ठेवला.

"पोचलं," ते म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या कपाळावरची आठी गेली होती.

त्यानंतर ते तीन आठवडे होते. ती स्लेट आता आमच्या मागच्या दाराशी आहे. जव मी ठेवत नाही. पुसते मात्र.

त्या बुधवारी घरी येऊन मी बाबांना फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. बाबा साडेसातला जेवतात आणि नऊला झोपतात, म्हणून मला वाटलं उचलणार नाहीत. पहिल्या रिंगला उचलला.

"पोचलं काय?"

"पोचलं, बाबा."

"पावती?"

"कोटावर आहे."

"बरं झालं," बाबा म्हणाले, आणि ताट ओढल्याचा आवाज आला. "बसतो मग मी जेवायला."